रानगवतापासून पाचटापर्यंत

पौष-माघाच्या दिवसांत बारामतीहून भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने रात्री इंदापूरकडे जाणे झाले, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. ऊस तुटून गेलेल्या रानात जाळ लागलेला असतो. तडतड असा आवाज होत असतो, ज्वाला पुरुष-दीडपुरुष उठत असतात, आणि बांधावर मालक हातात ओला फोक घेऊन उभा असतो. शेजाऱ्याच्या उभ्या उसाला धग लागू नये एवढीच त्याला काळजी. अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते. सकाळी पाहावे तर रान काळेभोर. “झालं रान स्वच्छ,” असे म्हणून गडी खोडव्याला पाणी सोडायला मोकळा!

जाळले काय, तर पाचट. उसाची वाळलेली पाने. मालकाच्या लेखी तो कचरा. पण आज मी आपल्याला या कचऱ्याचाच इतिहास सांगणार आहे. आपण म्हणाल, इतिहास राजांचा असतो, लढायांचा असतो, पाचटाला कसला आला इतिहास? पण तो आहे, आणि चांगला दहा हजार वर्षांचा आहे. माणसाने रानटी झाडे माणसाळवली तेव्हापासून त्या झाडांचा पालापाचोळा मातीत कसा कुजतो, किती कुजतो आणि मुळात तो मातीपर्यंत पोहोचतो तरी का, हे सारेच बदलत गेले. हा बदल नीट समजला, तर आपल्या रानात आज काय करावे याचेही उत्तर त्यातच सापडते.

आधी न माणसाळलेले रान पाहू. त्यासाठी लांब जायला नको. बारामती तालुक्यातच सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते चिंकारा हरणांसाठी राखले गेले. तिथे कालवा नाही, ऊस नाही. पाऊस सगळा मिळून वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे वीस ते चोवीस इंच, आणि तोही लहरी. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते तिथे आपल्या बळावर उगवतात. दिवाळीनंतर ती पिवळी पडतात आणि आडवी होतात. वाळवी ती ओढून नेते, किडे कुरतडतात, पाऊस पडला की बुरशी धरते, आणि हळूहळू ते गवत मातीत मिसळून जाते. कोणी खत घालत नाही, कोणी नांगरत नाही. मातीतून घेतलेले बहुतेक सारे त्याच मातीला परत जाते. हा व्यवहार रोखीचा आहे, उधारीचा नाही.

मात्र हे कुजणे सावकाशीचे असते. रानातले गवत असे चिवट का, याचा विचार करा. त्याला पाणी देणारा कोणी नाही, गुरांपासून राखणारा कोणी नाही. म्हणून त्याने आपल्या पानातच बंदोबस्त केलेला असतो. पान अरुंद, कडक, धाग्याधाग्यांचे. कडेला धार, अंगावर लव. जनावराने तोंड लावले तरी दोनदा विचार करावा! गंमत अशी, की जिवंतपणी जे चिलखत जनावराला अडवते, तेच मेल्यानंतर बुरशीला आणि जिवाणूंना अडवते. ज्या पानाला गाय सहजासहजी तोंड लावत नाही, त्या पानाला मातीतले सूक्ष्म जीवही उशिराच हात घालतात. एवढे सूत्र ध्यानात ठेवा, पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली यातच आहे.

आता या रानटी गवतांतलीच काही माणसाने हाताशी धरली. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी गहू आणि जव माणसाळले. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती पिकवली जात होती, असे पुरावे मिळाले आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, सहारा वाळवंटाच्या कडेची. हुलगा मात्र आपल्याच देशातला. ही पाहुणेमंडळी आणि घरची मंडळी एकत्र येऊन आपली शेती उभी राहिली.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर, डॉ. अन्सारी यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. चुलीच्या राखेत आणि कणगीच्या तळाशी जळून कोळसा झालेले दाणे सापडले. जव, गहू, मसूर, वाटाणा, हुलगा! नदीचे पाणी वळवणारा एक पाटही सापडला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या जिल्ह्यात पाटपाणी होते, दाणे होते आणि अर्थातच मळणीनंतरचा भुसाही होता.

माणसाळताना झाडात काय बदल झाला? पहिला बदल आपल्याला शाळेतही शिकवतात. रानटी झाडाचे दाणे पिकले की गळून पडतात, माणसाळलेल्या झाडाचे कणसातच राहतात. ते झाड आता आपले बी आपण पेरू शकत नाही. त्याला माणसाचा हात लागतो. दुसरा बदल मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि तो पानात झाला. शेतकऱ्याने रान नांगरले, तण काढले, खत घातले, पाणी दिले, राखण केली. मग झाडाला चिलखताची गरज उरली नाही. जे रोप झटपट वाढेल, रुंद कोवळी पाने काढील, त्याचेच बी पुढच्या वर्षासाठी राखले गेले. अशा पानात धागा कमी आणि नत्र जास्त.

याची पारख अलीकडे प्रयोगशाळेत झाली आहे. स्पेनमधील पाब्लो गार्सिया-पालासिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २४ पिके घेतली आणि प्रत्येकाचा रानटी पूर्वज घेतला. दोघांचा पाला मातीबरोबर बरण्यांत ठेवून काही महिने तो कसा कुजतो हे मोजले. सर्वसाधारणपणे असे दिसले, की माणसाळलेल्या पिकाचा पाला त्याच्या रानटी पूर्वजापेक्षा लवकर कुजतो, आणि त्यातला कर्बही लवकर हवेत जातो. नत्राच्या बाबतीत मात्र असा एकसारखा नियम दिसला नाही. म्हणजे माणसाने निवडले ते कणीस, पण त्या निवडीबरोबर मातीचा कारभारही नकळत बदलला.

कुणी म्हणेल, मग बरेच झाले की! पाला लवकर कुजला तर खत लवकर मिळेल. हे खरे, पण अर्धेच खरे. कोवळा पाला कुजतो लवकर आणि संपतोही लवकर. चुलीत चिपाड टाकले तर भडका उडतो आणि विझतो, बाभळीचा ओंडका रात्रभर धुमसतो. जमिनीला दोन्ही लागते. झटपट अन्न देणारे कोवळे लागते, आणि सावकाश कुजत माती भुसभुशीत ठेवणारे जून, धाग्याचेही लागते. शिवाय दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पाला लवकर कुजतो म्हणून उपयोग काय, जर तो रानात राहिलाच नाही तर?

आपल्या जिरायत शेतीचा हिशोब मांडून पाहा. ज्वारी काढली. दाणा घरात गेला. कडबा बैलांना गेला. बाजरीचे सरमाड काही गोठ्यात, काही छपरावर. तुरीच्या तुऱ्हाट्या चुलीत. भुसा गुरांपुढे. रानात राहिली फक्त धसकटे, आणि तीही पुष्कळदा वेचून जाळली. सुप्याच्या माळावरचे गवत मातीला जवळजवळ सगळे परत देते. आपले पीक देते ते मुळे आणि धसकटे एवढेच. माणसाळलेल्या झाडाला जसे आपले बी आपण पेरता येत नाही, तसेच आपला पालाही आपण मातीला परत देता येत नाही. दोन्ही कामे त्याने माणसावर सोपवली आहेत. बी पेरायला माणूस कधी विसरला नाही. पाला परत द्यायला मात्र तो वारंवार विसरतो.

जुने शेतकरी हे अगदीच विसरले होते असे नाही. कडबा बैलाच्या पोटातून उकिरड्यावर येई आणि उकिरड्यातून रानात जाई. धनगरांची मेंढरे रानात बसवत, आणि रात्रभराच्या लेंडीखताबद्दल धान्य देत. बाजरीत तूर, मटकी, हुलगा यांची पाटी असे. या शेंगवर्गीय झाडांच्या पाल्यात नत्र भरपूर, तो पाला आपोआप गळतो आणि चटकन कुजतो. इंदापूरकडच्या रब्बीच्या पट्ट्यात शाळू म्हणजे केवळ धान्य नव्हे, तो वैरणीचाही आधार. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, लोकांनी एवढी उचलून धरली ती भाकरीइतकीच कडब्यासाठी. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट ठेंगणे. “दाणा झाला, पण जनावरानं खायचं काय?” हा शेतकऱ्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. जनावराला जे कमी पडते ते पुढे उकिरड्याला कमी पडते, आणि शेवटी मातीला कमी पडते.

हा संसार ओढाताणीचा होता, पण चालत होता. मग १८७६-७७ चा दुष्काळ पडला. दख्खनमध्ये माणसे आणि गुरे किती गेली याच्या आठवणी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. दुष्काळी काम म्हणून नीरेच्या कालव्याचे काम हाती घेतले गेले. भाटघरला धरण, वीरला बंधारा, आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतून जाणारा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागले. सुरुवातीला लोक पाणी घ्यायला बिचकत. पाऊस बरा झाला तर कालव्याकडे कोण बघतो, असे चाले. पण १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी डोळे उघडले. सासवडकडचे माळी बागाईतदार खाली कालव्यावर आले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस केला आणि गूळ गाळला. पुढे १९२७-२८ च्या सुमारास भाटघरचे मोठे धरण पुरे झाले आणि पाण्याची शाश्वती वाढली.

तेव्हाचा ऊस म्हणजे पुंड्या. जाड, मऊ, रसाळ. लहान पोरानेही दाताने सोलावा असा. या जातीच्या उसाचे मूळ घर न्यू गिनी बेट. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी उसातून चघळायला गोड आणि मऊ अशी कांडी निवडत निवडत हा ऊस तयार केला. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. माणसाने उसात निवडले काय? कांडे. पान त्याला खायचे नव्हते, म्हणून पानाकडे त्याने लक्ष दिले नाही. कांडे माणसाळले, पान मात्र रानटीच राहिले! उसाच्या फडात उघड्या अंगाने शिरून पाहा, पानाची धार हातावर रेघा ओढते, कूस टोचते. शिवाय उसाचे खालचे पान वाळण्याआधी झाड त्यातला बराचसा नत्र काढून वर कोवळ्या पानांकडे नेते. हिरवे वाढे गुरे आवडीने खातात, पण वाळले पाचट त्यांनाही नको. जो सर्वसाधारण नियम मघाशी सांगितला, की माणसाळलेल्या पिकाचा पाला लवकर कुजतो, त्याला आपल्या भागातले सर्वांत मोठे पीकच असे आडवे जाते.

पुंड्या खादाडही होता. त्याला शेणखताच्या गाड्या लागत, पेंड लागे, आणि पाणी तर सतत. पाणी मिळते म्हणून ते अतोनात दिले गेले. निचरा नाही, वरून ऊन. काळ्या जमिनीत पाणी साठले, क्षार वर आले आणि रानांवर पांढरी खार फुटली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच ही तक्रार उभी राहिली होती. क्षाराने पीक जळते हे आपल्याला दिसते. न दिसणारी गोष्ट ही, की पाणी साठलेल्या खारवट जमिनीत हवा नसते, मातीतले सूक्ष्म जीव मंदावतात, आणि पालापाचोळा नीट कुजतच नाही. अशी जमीन जेवते, पण तिला पचत नाही.

इकडे हे चालू असताना दक्षिणेत कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे डॉ. बार्बर आणि त्यांच्यानंतर टी. एस. वेंकटरामन यांनी एक धाडसी गोष्ट केली. शरदात नदीकाठी पांढरे तुरे डोलवणारे काशाचे गवत आपण सर्वांनी पाहिले आहे. नीरा-भीमेच्या काठीही ते असते. हे गवत उसाचा रानटी भाऊबंद. त्यात गोडी नाही, पण चिवटपणा अपार. या काशाचा आणि जाड गोड उसाचा त्यांनी संकर केला. हजारो वर्षे खपून माणसाने जे रानटीपण उसातून घालवले, तेच थोडेसे त्याने जाणूनबुजून परत आणले! त्यातून को २०५ ही जात निघाली. जावा बेटात डच शास्त्रज्ञांनीही याच वाटेने पी.ओ.जे. २८७८ काढली. या जावाच्या उसाचे रक्त घेऊन कोइमतूरला को ४१९ तयार झाली आणि दख्खनच्या कालव्यांवर तिने पुंड्याची जागा घेतली.

नीरेच्या पलीकडच्या काठी, सातारा जिल्ह्यात, पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. त्या केंद्राने निवडलेली को ७४० पुढे वर्षानुवर्षे आपल्या शिवारात राहिली. नंतर को ८६०३२ आली, आणि तिला तर आपल्या नदीचेच नाव मिळाले, ‘नीरा’. पुढे पाडेगावचीच फुले २६५ आली. या साऱ्या जातींत काशाचा अंश आहे. त्यामुळे फुटवे जास्त, रोगाला दाद कमी, खोडवा चांगला. पण फुटवे वाढले म्हणजे पानेही वाढली. पुंड्याच्या काळी रानात पडे त्याहून कितीतरी जास्त पाचट आता पडू लागले.

आणि नेमक्या याच वेळी पाचटाला गिऱ्हाईक उरले नाही. गुऱ्हाळ होते तेव्हा चुलवाणाला जळण लागे. चिपाडे तर जातच, पण कमी पडले की पाचटही जाई. गोठ्यात ते बैलांखाली अंथरले जाई, छपरावर शाकारले जाई, आणि राख उकिरड्यात येई. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबला वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने निघाले. या कारखान्यांनी आपल्या भागाचे दैन्य हटवले, यात शंका नाही. पण ऊस मोळ्या बांधून कारखान्यात गेला, चिपाड तिथल्या बॉयलरमध्ये गेले, वाढे टोळीच्या बैलांना गेले, आणि पाचट एकटे रानात राहिले. बैलही कमी झाले. मग त्याची सोय लावायला एकच सोपा उपाय उरला. काडी!

या काडीची किंमत आपण कधी मांडली आहे का? चला, आज मांडू. एकरी पाचट निघते तीन ते चार टन. चार टन धरा. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, म्हणजे २० किलो. युरियात नत्र शंभराला ४६. म्हणजे हा २० किलो नत्र जवळजवळ एका पोत्या युरियाइतका झाला. जाळले की तो बहुतेक सारा धुरावाटे जातो. पाचटात कर्ब आहे शंभराला चाळीसच्या आसपास, म्हणजे चार टनांत दीड टनाहून जास्त. तोही गेला. पालाश आणि स्फुरद यांचा काही भाग राखेत राहतो, पण राख वाऱ्यावर उडते. वरचा थर भाजतो आणि त्यातले जीव मरतात. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर आहे, त्या जमिनीचे हे नुकसान आहे. एका हाताने आपण पाचट जाळतो आणि दुसऱ्या हाताने दुकानातून पोते आणतो!

शेतकरी वेडा म्हणून जाळतो असे मी म्हणणार नाही. पाचट तसेच पसरून ठेवले तर त्याच्या अडचणी आहेत. सरीत पाणी अडते, उंदीर होतात, खोडव्याचे कोंब दबतात, मशागतीला औत चालत नाही. आणि एक अडचण न दिसणारी आहे. पाचटात एक भाग नत्राला ऐंशी-शंभर भाग कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात मात्र एका भाग नत्राला आठ-दहा भागच कर्ब असतो. पाचट खायला बसले की त्यांना नत्र कमी पडतो. मग ते शेजाऱ्याकडून उसनवारी करतात. शेजारी कोण, तर आपले पीक! मातीतला नत्र ते आधी उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. “पाचट ठेवलं आणि ऊस पिवळा पडला,” असे जे सांगतात ते खोटे सांगत नाहीत. दोष पाचटाचा नसतो, त्याला शिदोरी न देता कामाला लावले हा असतो.

ही शिदोरीची कल्पनाही जुनीच आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. त्यांचे म्हणणे साधे होते. कठीण आणि कोवळे एकत्र करा, शेण-मूत्राची माती मिसळा, ओल आणि हवा ठेवा. पऱ्हाट्यांसारखा कठीण कचरा ते आधी गाडीवाटेवर अंथरत, चाकाखाली चुरडला की मग ढिगात घेत. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवण्याची नाडेप पद्धत दिली. सूत्र तेच. रानटी, चिवट पाल्याला माणसाने मदत केली पाहिजे.

तेच सूत्र आता ढिगाऐवजी थेट सरीत वापरता येते. आपल्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी, की ऊस तुटल्यावर पाचट जाळू नये. बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत एकसारखे पसरावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत. मग एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक या प्रमाणात टाकावे, आणि पाणी द्यावे. आपल्या चार टनांना हे झाले ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो संवर्धक. हीच ती शिदोरी. तीन-चार महिन्यांत पाचट बरेचसे मऊ पडून मातीत मिसळू लागते. तोवर ते जमिनीवर गोधडीसारखे पांघरूण घालते. ओल टिकते, तण कमी उगवते. पाण्याची पाळी लांबली तरी ऊस तग धरतो, हे कालव्याच्या शेपटाला असलेल्या इंदापूरकरांना निराळे सांगायला नको. यंत्राची सोयही आता झाली आहे. २००९ साली बारामती तालुक्यातल्या माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तिने खोडव्यासाठी असे यंत्र तयार केले आहे, की ते पाचट असलेल्या रानातही बुडखे छाटते, वरंब्याच्या बगला फोडते, जुनी मुळे तोडते आणि खत मातीआड पेरते.

आता शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. हा इतिहास मुलांना नुसता सांगू नका, दाखवा. मच्छरदाणीच्या कापडाच्या वीतभर लांबीच्या सोळा पिशव्या मुलांकडून शिवून घ्या. चार पिशव्यांत हरभऱ्याचा वाळला पाला, चारांत ज्वारीचे पान, चारांत पाचट आणि चारांत माळावरचे कुसळीचे गवत भरा. प्रत्येकीत नेमका १० ग्रॅम. सोनाराचा किंवा प्रयोगशाळेचा काटा असला म्हणजे झाले. शाळेच्या बागेत सगळ्या पिशव्या चार बोटे खोल पुरा, वर खुणेच्या काटक्या रोवा, आणि जागा ओलसर ठेवा. दर महिन्याला प्रत्येक जातीची एक पिशवी काढा. माती हलकेच धुऊन सावलीत वाळवा आणि वजन करा. चार महिन्यांचे आकडे फळ्यावर मांडले, की कोणता पाला धावतो आणि कोणता रेंगाळतो हे मुलांना आपल्याच डोळ्यांनी दिसेल. मग त्यांना एवढेच विचारा, “यातला माणसाळलेला कोणता आणि रानटी कोणता? आणि पाचट कुणाच्या बाजूला?” उत्तर ऐकून घरी गेलेले पोर बापाला काडी ओढताना एकदा तरी अडवील.

मंडळी, दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने झाडाशी एक करार केला. तू मला दाणा दे, मी तुझे बी पेरीन. या कराराचे दुसरे कलम मातीशी होते, पण ते बोलून दाखवले गेले नाही, म्हणून विसरले गेले. झाड आता आपला पाला आपण परत देऊ शकत नाही, तेव्हा ते देणे माणसाने द्यायचे आहे. सुप्याच्या माळावरचे गवत ते न सांगता देते. नीरेच्या पाण्यावर आपण कितीतरी अधिक पिकवतो, तर आपले देणेही तितकेच अधिक. यंदा ऊस तुटून गेल्यावर निदान एका एकरात काडी लावू नका. तेवढे पाचट रानात राहू द्या, त्याला शिदोरी द्या, आणि पुढच्या वर्षी ती माती मुठीत घेऊन शेजारच्या जाळलेल्या रानातल्या मातीशी ताडून पाहा.